आई-बाबा पाच महिने अमेरिकेला चाललेत, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढावा का? बाबांना स्टेंट आहे

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचून सांगा. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, तिला आता सातवा लागलाय आणि आई-बाबा बाळंतपणासाठी पाच महिने तिकडं चाललेत. व्हिसा मिळाला, तिकिटं झाली, जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचंय. आई अळीव, डिंक, खारीक, सुंठ गोळा करून बसलीय, निम्मी खोली बॅगांनीच भरलीय. सगळं झालं, इन्शुरन्सचं तेवढं राहिलंय आणि त्याच्यावरनं रोज रात्री जेवताना वाद चाललाय.

बाबा ६८ चे, आई ६३ ची. आईला थायरॉईडची गोळी आहे, बाकी काही नाही. बाबांना बीपी आहे, शुगरची गोळी चालू आहे आणि चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी टाकलीय. त्यानंतर तब्येत एकदम व्यवस्थित, रोज पहाटे रंकाळ्यावर चालायला जातात, पथ्य पाळतात, गोळी एक दिवस चुकवत नाहीत.

इथल्या एका एजंटानं दोघांचे मिळून ५४ हजार सांगितलेत, एक लाख डॉलरचं कव्हर, १५० दिवस. बाबांचं म्हणणं, एवढ्या पैशात गच्चीवर पत्रा पडतोय, दर पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येते ते तरी थांबेल. आणि दुसरं त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेच्या व्हिसाला इन्शुरन्स मागतच नाहीत, युरोपला मागतात, म्हणजे अमेरिकेला तो लागत नसणार, सक्तीचा असता तर मागितलाच असता की. मला हे पटत नाही पण नीट उत्तरही देता येत नाही.

आता खरी अडचण. त्याच एजंटानं हळूच सांगितलं, फॉर्ममध्ये स्टेंटचं लिहू नका, शुगरचंही नको, म्हणजे प्रीमियम कमी बसेल आणि पॉलिसी झटक्यात निघेल, तिकडं कोण बघायला येतंय. बाबांनी नेमकं तेच धरलंय, म्हणतात काढायचाच असेल तर तसा काढ नाहीतर राहू दे. बहिणीला हे सांगितलेलं नाही, या दिवसांत तिच्या डोक्याला ताप नको म्हणून. दाजींना विचारायचं तर बाबा चिडतील, जावयाला खर्चात पाडल्यासारखं होईल म्हणतात.

इन्शुरन्स काढावा का, काढला तर इथला की तिकडचा, आणि स्टेंटचं लिहिलं तर काय होतं, कुणाला अनुभव असेल तर सांगा. आठ दिवसांत ठरवायचंय.

---

वैशाली_मंगळवार_पेठ

दादा, मी कोल्हापुरातल्याच एका खाजगी हॉस्पिटलमध्ये अकरा वर्षं इन्शुरन्स डेस्कवर काम करतेय. अमेरिकेतलं मला माहीत नाही पण क्लेम कुठल्या कागदावर अडतो ते रोज बघते, म्हणून पहिल्यांदा त्या स्टेंटचंच बोलते.

"तिकडं कोण बघायला येतंय" असं तो एजंट म्हणाला ना, कुणी यायची गरजच पडत नाही. पेशंट कॅज्युअल्टीत आला की ड्युटीवरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, आधी काही झालंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. त्या वेळी माणसाला धाप लागलेली असते, घरचे घाबरलेले असतात, आणि ते सगळं खरं सांगतात, चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, शुगर आहे, अमुक गोळी चालू आहे. सांगायलाच पाहिजे, नाहीतर उपचार चुकतील. ते सगळं केसपेपरवर त्याच मिनिटाला लिहिलं जातं आणि तोच केसपेपर पुढं कंपनीकडं जातो. मग कंपनी प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसी घेताना आपण भरलेला फॉर्म, काढून शेजारी ठेवते. इथं "हृदयविकार नाही" आणि तिथं "स्टेंट आहे". झालं, तिथंच विषय संपतो. आणि स्टेंट तर अँजिओग्राफी केली की स्क्रीनवर सरळ दिसतो, तो लपवणार कसा?

माझ्यासमोर झालेली एक गोष्ट सांगते. एक काका होते, पडून मांडीचं हाड मोडलं होतं, हृदयाचा काही संबंध नव्हता. फॉर्मवर शुगर लपवलेली होती. ऑपरेशनच्या आधी शुगर तपासतातच, ती वाढलेली निघाली, जुनी फाईल मागवली, सहा वर्षांपासून गोळी चालू. क्लेम नामंजूर आणि पॉलिसी रद्द. मुलगा माझ्या टेबलापुढं उभा राहून म्हणत होता मॅडम, हाड मोडलंय त्याला शुगर काय करणार. माझ्याजवळ त्याला द्यायला उत्तर नव्हतं. तो प्रीमियम तीन वर्षं नियमित भरत होता हो. त्या मुलाचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

त्यामुळं लपवून काढण्यापेक्षा न काढलेला बरा, निदान ते ५४ हजार तरी वाचतील. पण काढा, आणि खरं लिहून काढा. आणि एक, बाबांची इथली मेडिक्लेम असेल तर ती तिकडं चालेल असं कृपा करून समजू नका. नेहमीची मेडिक्लेम भारतातल्या भारतातच चालते, परदेशाचं कव्हर मोजक्या महागड्या पॉलिसीत असतं आणि ते पॉलिसीवर तसं लिहिलेलं असतं.

---

पन्हाळा_रोड_७२

मी थोडं वेगळं सांगतो, रागावू नका. मी आणि बायको दुबई, सिंगापूर, थायलंड तिन्ही फिरून आलो, एकदाही इन्शुरन्स काढला नाही आणि काही अडलं नाही. पाच-सहा दिवस जायचं, वय चाळीसच्या आत, अंगात काही दुखणं नाही, त्याला लागतो कशाला? बॅग हरवली तर विमान कंपनी देतेच. तुम्ही ते ५४ हजार वेगळे एफडीत ठेवा, काही झालंच तर तेच कामाला येतील, नाही झालं तर पत्रा घाला. कष्टाचा पैसा आहे, कंपनीला फुकट का द्यायचा?

---

गंगावेस_तालीम

@पन्हाळा_रोड_७२ दादा, थायलंडला काही अडलं नाही ते तुमचं नशीब. आमच्या तालमीतला एक पोरगा फुकेतला भाड्याची स्कूटर घेऊन फिरला, पावसात वळणावर घसरला, कॉलरबोन मोडलं, प्लेट घालावी लागली. इन्शुरन्स होता त्याच्याकडं तरी मिळाला नाही, कारण इंटरनॅशनल लायसन नव्हतं आणि डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. ते लायसन आपल्या आरटीओतच मिळतं, एक वर्ष चालतं. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे पाठवले. तेव्हा पाच दिवसांची का असेना, पॉलिसी काढा आणि कुठल्या गोष्टीला पैसे देत नाहीत ते पान आधी वाचा. दारू पिऊन झालेलं, पॅराग्लायडिंग, स्कूबा असलं बहुतेक ठिकाणी बाहेरच असतं.

---

शिकागोतला_कागलकर

भावा, मी मूळ कागलचा, इथं शिकागोला नऊ वर्षं झाली. तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण हे सगळं माझ्या घरात झालंय. वेळ काढून सविस्तर लिहितोय.

पहिलं एफडीचं. ५४ हजार रुपये म्हणजे इथं जेमतेम सहाशे डॉलर. इमर्जन्सी रूममध्ये नुसतं आत जाऊन डॉक्टरनं तपासलं, रक्त घेतलं, ईसीजी काढला, तरी बिल त्याच्या पुढं जाऊ शकतं. हेल्थकेअर डॉट गव्ह म्हणून इथल्या सरकारचीच वेबसाइट आहे, तिच्यावरच लिहिलंय की तीन दिवस हॉस्पिटलमध्ये राहिलं तर सरासरी ३० हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि मोडलेला पाय नीट करायला साडेसात हजारांपर्यंत. रुपयात करून बघ. हा खर्च एफडीतनं निघत नाही, त्याला जमीन काढावी लागते.

आता आमचं सांगतो. २०१९ मध्ये आई-दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) आले होते. आई तेव्हा ६४ ची, कधी डोकं दुखलं म्हणून गोळी न घेणारी बाई. रविवारी रात्री पोटात कळ आली, उलट्या सुरू झाल्या, आम्हाला वाटलं पित्त. पहाटे चारला तिला कळ सोसवेना म्हणून इमर्जन्सीत नेलं, पित्ताशयात खडे आणि सूज, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, दोन रात्री राहिली. आई बरी झाली, देवाची कृपा. मग टपालानं बिलं यायला लागली. हॉस्पिटलचं वेगळं, सर्जनचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, सोनोग्राफी वाचणाऱ्याचं वेगळं. दर आठवड्याला एक पाकीट. आई पोस्टाची गाडी आली की खिडकीत जाऊन उभी राहायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. एकदा म्हणाली, मी आलेच नसते तर बरं झालं असतं. ते वाक्य माझ्या अजून काळजात आहे. सगळं मिळून ४१ हजार डॉलर झाले होते.

आणि आमच्याकडं इन्शुरन्स होता! पण मी स्वस्तातला घेतला होता. इथं व्हिजिटर इन्शुरन्सचे दोन प्रकार असतात, हे नीट समजून घे. एकाला फिक्स्ड बेनिफिट म्हणतात, त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम असते, डॉक्टरच्या भेटीला एवढे, खाटेला रोजचे एवढे, ऑपरेशनला एवढे, मग बिल कितीही येऊ दे. दिसायला कव्हर एक लाख डॉलरचं पण हातात पडतं फार थोडं. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, त्यात डिडक्टिबल म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची, त्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये पहिल्या पाच हजारांचे ८० टक्के कंपनी देते आणि त्याच्या वरचं सगळं, मर्यादेपर्यंत. महाग असतो. मी दोन प्लॅनमधला फरक न वाचता कमी आकडा बघून बटण दाबलं, तो फिक्स्ड बेनिफिटवाला निघाला. मग हॉस्पिटलकडं जाऊन आयटमवार बिल मागितलं, फायनान्शियल असिस्टन्सचा अर्ज भरला, ना-नफा हॉस्पिटलांना असं धोरण ठेवावंच लागतं पण आपण मागितल्याशिवाय बहुतेक वेळा कुणी आपणहून सांगत नाही. बरंच कमी झालं आणि उरलेलं मी २६ महिने हप्त्यानं फेडलं.

तुझ्या बाबांसाठी शोधायचा शब्द म्हणजे "अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन". म्हणजे जुनं दुखणं आहे पण ते अचानक, काही लक्षण नसताना उसळलं आणि तू ठरलेल्या वेळेत, बहुधा २४ तासांत, उपचाराला नेलंस, तर ते कव्हर होतं. बऱ्याच प्लॅनमध्ये ही सोय वयाच्या सत्तरीपर्यंतच असते, बाबा ६८ चे आहेत म्हणजे आत्ता बसतात. हृदयासाठी त्यातही मर्यादा वेगळी, कमी असू शकते, ते पान उघडून आकडा बघ. नेहमीची तपासणी, शुगरच्या गोळ्या, कार्डिओलॉजिस्टची फॉलोअप व्हिजिट ह्यातलं काहीच मिळत नाही.

अजून दोन गोष्टी. दाजींना आजच सांग की घराजवळचं अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्यासाठीचा दवाखाना, कुठंय ते बघून ठेव. ताप, खोकला, जुलाब, पाय मुरगळला, असल्याला अर्जंट केअरलाच जायचं, इमर्जन्सीच्या मानानं खर्च खूपच कमी. पण छातीत दुखलं, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं तर एक सेकंद विचार न करता ९११ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सीच्या नंबरला, फोन. पैसे नाहीत म्हणून इमर्जन्सीतनं परत पाठवता येत नाही, १९८६ पासून तसा कायदा आहे इथं, आधी तपासून जीव स्थिर करावाच लागतो. बिल मात्र नंतर येतं.

आणि गोळ्या. स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांच्या गोळ्या आणता येतात, मूळ पाकिटातच आणायच्या, सुट्या करून डबीत भरायच्या नाहीत, सोबत डॉक्टरची इंग्रजीत चिठ्ठी, तिच्यावर औषधाचं मूळ नाव पाहिजे, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाही. पाच महिने आहेत म्हणजे उरलेल्या दोन महिन्यांचं काय करायचं ते आत्ताच ठरवा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती चुकवून चालणार नाही.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली

वैशालीताई, कागलकर दादा, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू. ताई, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, पाणी पिऊन उठले. पण "तसा काढ" हे त्यानंतर म्हणालेले नाहीत.

आता विचारायचंय ते असं की इथल्या कंपनीची पॉलिसी काढली, स्टेंटचं सगळं खरं लिहिलं, तर ते पॉलिसी देतात का? आणि दिली तर हार्टचं कव्हर करतात का? का आईला इथली आणि बाबांना तिकडची असं वेगवेगळं चालतं?

---

इचलकरंजी_विमावाला

मी स्वतः पॉलिसी विकतो, हे आधीच सांगतो म्हणजे माझं बोलणं त्या हिशोबानं घ्या. आणि ज्या एजंटानं लपवायला सांगितलं त्याच्याकडनं काढू नका, बस्स. क्लेमच्या दिवशी तो फोन उचलणार नाही.

वेगवेगळं चालतं, नवरा-बायकोनं एकाच कंपनीची घ्यावी असं काही नाही. आईचं सोपं आहे, थायरॉईड लिहा, इथली पॉलिसी आरामात निघते. बाबांना इथली पॉलिसी देतील का ते कंपनीवर आहे, काही कंपन्या कार्डिओलॉजिस्टचं पत्र, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी मागतील, काही नाही म्हणतील, काही देतील पण त्या दुखण्याचं वगळून देतील. बहुतेक पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला एकच सवलत असते, जिवावर बेतलं तर. त्यातही जीव स्थिर होईपर्यंतचाच खर्च, तोही ठरलेल्या मर्यादेत. म्हणून विकत घेताना एक लाख डॉलर हा मोठा आकडा बघून थांबू नका, आतला आकडा बघा. साठीच्या पुढं बऱ्याच पॉलिसीत पोटमर्यादा लावलेल्या असतात, खोलीला रोजचे एवढेच, सर्जनला एवढेच, आयसीयूला एवढेच. पोटमर्यादा नसलेला प्लॅन मिळतो, थोडा महाग पडतो, पण ज्येष्ठांसाठी तोच मागा.

आता तुमच्या वडिलांच्या युरोपच्या मुद्द्याचं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्याला, कमीत कमी ३० हजार युरोचं वैद्यकीय कव्हर सक्तीचं आहे, त्यात माणसाला परत मायदेशी आणायचा खर्चही धरलेला असतो. ती सक्ती त्यांनी स्वतःसाठी घातलीय, बाहेरच्या पाहुण्याचं बिल त्यांच्या हॉस्पिटलांच्या गळ्यात पडू नये म्हणून. अमेरिकेनं पर्यटक व्हिसाला तशी अट घातलेली नाही. पण त्यामुळं तिथलं हॉस्पिटल स्वस्त होत नाही, उलट खर्चाच्या बाबतीत तेच सगळ्यात महाग. वडिलांना असं सांगून बघा.

क्लेमबद्दल महत्त्वाचं बोलतो, कारण चांगली पॉलिसी असून लोक इथंच अडकतात. पॉलिसीवर एक असिस्टन्सचा नंबर असतो, चोवीस तास चालू. ॲडमिट व्हायची वेळ आली की त्याच नंबरवर कळवायचं, तातडी असेल तर आधी हॉस्पिटल आणि लगेच फोन. कळवायला बहुधा २४ तासांची वगैरे मुदत असते. फोन केला तर ते हॉस्पिटलशी परस्पर बोलतात, नाहीतर सगळं आपण भरून पावत्या घेऊन इथं येऊन मागायचं. तो नंबर आणि पॉलिसी नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून वडिलांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, एक आईच्या पर्समध्ये, एक बहिणीच्या फ्रिजवर. मोबाईलमध्ये आहे म्हणू नका, मोबाईलला लॉक असतं.

भारतातली पॉलिसी निघायच्या आधीच काढावी लागते, विमानात बसल्यावर आठवून उपयोग नाही. दिवस जरा जास्तीचे घ्या. बाळंतपणाला गेलेली आई ठरल्या दिवशी परत येते असं मी फार कमी बघितलंय, बाळाला सर्दी झाली की तिकीट पुढं जातंच. वाढवायची असेल तर मुदत संपायच्या आत सांगायचं, आणि मध्ये क्लेम झालेला असेल तर वाढवून मिळणं अवघड होतं.

बॅगेचं एक पन्हाळा रोडवाल्या दादांसाठी. विमान कंपनी देते हे खरं, पण आंतरराष्ट्रीय विमानाला त्याची मर्यादा ठरलेली आहे, २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे दोन हजार डॉलरच्या आसपास, तीही नुकसान दाखवलं तर. बॅग आली नाही तर विमानतळावरच्या काउंटरवर लगेच तक्रार लिहून तिची प्रत घ्यायची, तिच्याशिवाय इन्शुरन्सवाले पुढं सरकत नाहीत. दागिने, रोकड, लॅपटॉप बॅगेत टाकायचंच नाही.

आणि खरं लिहूनही कंपनीनं चुकीच्या कारणानं नाकारलं तर गप्प बसायचं नाही. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं, आपलं ऑफिस पुण्याला आहे. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते. माझ्या दोन गिऱ्हाइकांना तिथनं पैसे मिळालेत. दोघांचेही फॉर्म खरे भरलेले होते म्हणून मिळाले.

---

वैशाली_मंगळवार_पेठ

विमावाले दादांनी सांगितलं त्यात एवढंच घालते, बाबांची अँजिओप्लास्टीची डिस्चार्ज समरी, शेवटचा इको आणि आत्ताच्या गोळ्यांची यादी स्कॅन करून बहिणीला मेल करून ठेवा. स्टेंट कुठल्या रक्तवाहिनीत आहे, कुठल्या कंपनीचा आहे, त्याचं एक छोटं कार्ड हॉस्पिटल देतं, ते बाबांच्या पाकिटात पाहिजे. तिकडच्या डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. आणि जायच्या आधी कार्डिओलॉजिस्टला एकदा दाखवून या, इतका लांबचा प्रवास आहे.

---

पन्हाळा_रोड_७२

कागलकर दादांचं वाचलं. मी एफडीचं बोललो ते मागं घेतो, माझ्यासारख्याची सहल आणि ६८ वर्षांच्या माणसाचे पाच महिने ह्यात फरक आहे. दिवाळीला सासूबाईंना घेऊन सिंगापूरला जायचंय, त्यांच्यासाठी काढतोय. विमावाले दादा, मेसेज केलाय बघा.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली

काय झालं ते सांगायला आलोय, सगळ्यांनी इतका वेळ दिलात म्हणून.

परवा रात्री जेवणं झाल्यावर बाबा आत गेले आणि कपाटातनं त्यांची हॉस्पिटलची फाईल घेऊन आले, ती प्लास्टिकची निळी, जिला ते घरात कुणाला हात लावू देत नाहीत. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, जावयाला फोन लाव. मीच बोलतो. मग स्वतः दाजींना सगळं सांगितलं, स्टेंट कधी, कुठं, कुठल्या गोळ्या. बहीण शेजारीच होती, तिनं सगळं ऐकलं आणि उलट तीच म्हणाली, बाबा, मी महिनाभर हाच विचार करतेय, तुम्हाला विचारायचं कसं. म्हणजे ती आमच्या काळजीपोटी गप्प आणि आम्ही तिच्या.

दाजींनी बाबांसाठी तिकडचा कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन काढलाय, अक्यूट ऑनसेटवाला, हृदयाची मर्यादा किती आहे ते पान त्यांनी मला पाठवलं आणि आम्ही दोघांनी फोनवर ओळ न् ओळ वाचली. आईची इथली काढली, पोटमर्यादा नसलेली, १८० दिवसांची. दाजींनी पाठवलेला बाबांचा फॉर्म मी भरत होतो आणि ते चष्मा लावून शेजारी बसले होते. आधीच्या आजारांच्या रकान्याशी आलो तसं त्यांनी फाईलमधनं डिस्चार्ज कार्ड काढलं आणि तारीख मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा, मी चुकू नये म्हणून.

सोमवारी कार्डिओलॉजिस्टकडं जाऊन आलो. त्यांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, गोळ्यांची मूळ नावं घालून चिठ्ठी दिली, आणि विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं म्हणून बजावलंय. उरलेल्या दोन महिन्यांच्या गोळ्यांचं दाजी तिकडच्या डॉक्टरला विचारून ठेवतायत. फोन नंबरचे तीन कागद आईनं स्वतःच्या हातानं लिहिलेत, एवढ्या मोठ्या अक्षरात की चष्म्याशिवाय वाचता येतात.

गच्चीवर मी काल ताडपत्री बांधून घेतली. पत्र्याचं परत आल्यावर बघू म्हणाले.